पाहुणा खिळा

शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्याने आपल्या वडिलांचा आवाज ऐकला आणि क्षणभर तो त्याला ओळखूच आला नाही. आवाज हसत होता, म्हणून.

ती खोली पूर्वी पुस्तकबांधणीची होती. भिंतींतून अजून खळीचा आंबूस वास येई आणि लांब टेबलावर कातरकामाच्या सुऱ्यांचे जुने ओरखडे होते. आता त्याच टेबलावर सहा थकलेले संगणक ओळीने बसले होते आणि त्यांपैकी एकावर ‘र जोरात दाबा’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. दर शनिवारी आठ-दहा माणसे आपापली कामे आटोपून इथे जमत आणि एक शब्दकोश रचत. तो कुणाच्याच मालकीचा नव्हता. कुणीही वाचावा, कुणीही त्यात लिहावे. छापील कोशांच्या पायऱ्या ज्यांना कधी चढता आल्या नाहीत, असे कामाधंद्याचे शब्द त्यात गोळा होत, आणि शक्य असेल तिथे ते शब्द वापरणाऱ्याचा आवाजही.

तो छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करी आणि तीन वर्षे एकही शनिवार न चुकवता इथे येई. कोशाचा एक नियम होता, ‘दुसरी नजर’. एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्या जाणत्याने वाचून पक्की केल्याशिवाय ती कायम होत नसे. ही दुसरी नजर बहुतेक वेळा त्याची असे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्याच्या डोळ्यांतून सुटत नसे, म्हणून मंडळींनी त्याचे नाव ‘वेलांटी’ ठेवले होते. आधी ती थट्टा होती, मग सोय झाली. ज्याला खोलीत शिरताना खुर्चीसुद्धा हळू ओढायची सवय होती, अशा त्याला मात्र ते नाव एखाद्या छोट्या मानाच्या पदासारखे वाटे.

ध्वनिक्षेपकातून वडील सांगत होते, “खणात चुकून भलत्याच अक्षराचा खिळा पडला ना, की आम्ही त्याला पाहुणा म्हणायचो. शिव्या नाही द्यायच्या. उचलायचा आणि त्याच्या घरी सोडून यायचं. एकदा काय झालं, म च्या घरात स चा पाहुणा बसला होता. घाईत माझ्या बोटांना कळलंच नाही. सकाळी अंकात बातमी काय, तर ‘संत्री उद्या येणार’. अहो, मंत्री यायचे होते. दुसऱ्या दिवशी कचेरीबाहेर लोक पिशव्या घेऊन उभे.”

खोली खदखदून हसली. वडीलही हसले, त्या यंत्रातून, मोकळ्या गळ्याने. वडिलांनी चौतीस वर्षे छापखान्यात शिशाची अक्षरे, म्हणजे खिळे, एकेक उचलून ओळी जुळवल्या होत्या. ते असे हसतात हे त्याला ठाऊक नव्हते.

ही नोंद आणली होती लिफ्टवाल्याने. पाच महिन्यांपूर्वी तो वाचनालयाची लिफ्ट दुरुस्त करायला आला आणि ‘वर काय चालतं’ म्हणून डोकावला तो तिथलाच झाला. त्याचे शुद्धलेखन बघवत नसे. पण तो माणसापाशी जाऊन नुसता उकिडवा बसला, की समोरचा बोलू लागे. गवंडी, परिचारिका, चष्म्याच्या काचा घासणारा म्हातारा, सगळ्यांनी त्याच्यापाशी आपली पोतडी रिकामी केली होती.

“अरे, हा तर तुझ्या घरातला खजिना,” ग्रंथपाल बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या. ही मंडळी त्यांनीच उभी केली होती, आणि कोशात सगळ्यांची नोंद असली तरी निवाडा त्यांचा असे. “आणि तू आम्हाला तीन वर्षं जुन्या पुस्तकांतले शब्द उपसून देतोयस.”

“मला कुठं माहीत होतं भाऊ, काका तुमचे वडील आहेत ते. आडनाव बघून बाईंनी ओळखलं,” लिफ्टवाला म्हणाला. “मंगळवारी तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती ना. मी काम करतोय आणि काका पायरीवर बसलेत. बोलता बोलता निघालं. मग वर घरी घेऊन गेले. दोन तास, भाऊ. मी म्हटलं, थकाल. ते म्हणाले, तू थकलास का?”

“पुढच्या शनिवारी स्वतः येणार आहेत,” बाई म्हणाल्या. “तुला सांगितलं असेलच.”

“हो,” तो म्हणाला. त्याला कुणी काहीही सांगितलेले नव्हते.

कौतुकाचा वाटा दुसऱ्याकडे गेला, एवढेच असते तर त्याने ते गिळले असते. पण दोन तास. जन्मापासून आजवर वडिलांनी त्याच्याशी बोललेली सगळी वाक्ये एकापुढे एक मांडली, तरी दोन तास भरले नसते. आणि हा वंगणाच्या हातांचा गडी एका दुपारी पायरीवर बसून ते सारे घेऊन गेला होता. ते दोन तास जिना उतरतानाही त्याच्या डोक्यातून गेले नाहीत, घराची कडी वाजवतानाही.

घरी वडील टेबलापाशी बसले होते. समोर आई वर्तमानपत्र वाचत होती आणि वडील तेच पान उलट्या बाजूने वाचत होते. आयुष्यभर अक्षरे उलटी पाहिल्यामुळे त्यांना त्यात काही विशेष वाटत नसे.

“तो लिफ्टवाला फार गोड मुलगा आहे,” आई म्हणाली. “चहा प्यायला आणि कप विसळून पालथा घातला. आमच्याकडे एक जण आहे, कपात बुरशी धरली तरी पुस्तकातून मान वर करत नाही.”

“बाबा, तुम्ही मला संत्र्यांचं कधी सांगितलं नाही.”

“तुला ठाऊक असेल, असं वाटलं.”

“मला कसं ठाऊक असणार?”

वडिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते थोडे पुढे सरकले. “अरे, त्याचं असं आहे. खिळ्यांची पेटी तिरकी असते. हाताशी ज्यांचं काम जास्त, ती घरं. आणि पार वरच्या कोपऱ्यात अनुस्वाराचं घर, एवढंसं...”

“त्या टिंबाला शीर्षबिंदू म्हणतात, बाबा. अनुस्वार हा उच्चार.”

“हं,” वडील म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा लावला, आणि थोड्या वेळाने आईला विचारले, “गच्चीवरचा नळ बंद केला होतास ना?”

तो वाट पाहत बसून राहिला. अनुस्वाराच्या घरापुढे काय होते ते कळलेच नाही. लिफ्टवाल्याला दोन तास आणि मला दोन वाक्ये, एवढेच त्या संध्याकाळी त्याच्या हिशेबी उरले, आणि ते उगाळत तो झोपी गेला.

बुधवारी छापखान्यात जेवणाची सुट्टी होती. पुढ्यात पाण्याच्या पंपाच्या माहितीपुस्तिकेची मुद्रिते पडली होती. शेजारचा जुना मुद्रितशोधक डबा उघडून भिंतीकडे तोंड करून जेवत होता. त्याची पाठ वळलेली पाहून याने कचेरीच्या संगणकावर कोश उघडला आणि आपले नाव नोंदवले नाही. नाव न नोंदवता कुणालाही लिहिता येई. नावाच्या जागी फक्त एक लांबलचक आकडा उमटे.

‘पाहुणा’ हे पान समोर आले. त्याने वडिलांचा आवाज काढून टाकला. मग संत्र्यांची हकिकत काढून टाकली. खाली लिहिले, ‘ऐकीव माहिती. छापील आधार नाही.’ हे नियमाला धरूनच आहे, असे त्याने स्वतःला बजावले. ते खरे नाही हेही त्याला कळत होते, कारण कानशिले तापली होती.

जतन करण्याआधी त्याची नजर शिल्लक राहिलेल्या ओळीवरून गेली. लिफ्टवाल्याने लिहिले होते: ‘दुसर्याच्या घरात चुकून पडलेला खीळा. खीळा फेकू नये, पोचवावा.’ दाताखाली खडा यावा तसे झाले. त्याच्या बोटांनी ‘दुसऱ्याच्या’ केले, दोन्ही ‘खीळा’चे ‘खिळा’ केले, आणि मगच बटण दाबले. अंगावर बसलेली माशी माणूस बोलता बोलता हाकलतो, तितक्या सहज. आपण ते केले, हे त्याच्या मनाने टिपलेसुद्धा नाही. तो पुन्हा पंपाकडे वळला.

शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून वडील तयार झाले, तेव्हा तो दाराशी त्यांच्यासाठी थांबला होता.

“तू हो पुढं,” वडील म्हणाले. “तो घ्यायला येणार आहे. वाचनालयाची लिफ्ट कशी चालते ते आतून दाखवतो म्हणालाय.”

तो एकटाच चालत गेला. वाटेत त्याला पहिल्यांदा भीती वाटली. केलेले मिटवून टाकावे, सगळे होते तसे ठेवावे, असे वाटून तो भरभर चालू लागला. पण तो जिना चढून पोचला तेव्हा बाई मोठ्या पडद्याची वायर जोडत होत्या आणि खुर्च्या भरल्या होत्या. मागोमाग लिफ्टचे दार सरकले आणि वडील हातांना लागलेले वंगण रुमालाने पुसत आले, शाळा सुटलेल्या मुलासारखे खूश.

“काका, इथं बसा, मधोमध,” बाई म्हणाल्या. “आता तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवते.”

पान उघडले. आवाज नव्हता. संत्री नव्हती. ‘छापील आधार नाही’ एवढी ओळ तेवढी ठसठशीत दिसत होती.

“कुणाचा तरी चावटपणा,” परिचारिका म्हणाली. “बाहेरचा कुणी असेल.”

बाईंनी पानाचा इतिहास उघडला. या कोशात काहीच कायमचे पुसले जात नाही. कोणी, केव्हा, काय केले, ते सगळे तिथे राहते. डावीकडे काढलेला मजकूर लाल, उजवीकडे घातलेला मजकूर हिरवा. बुधवार, दुपारचा एक वाजून दहा मिनिटे, एक लांबलचक आकडा. डावी बाजू लालच लाल. आणि उजवीकडे, ‘ऐकीव माहिती’च्या हिरव्या ओळीच्या वर, त्या पडझडीच्या मधोमध, तीन लहान हिरवे ठिपके: दुसऱ्याच्या. खिळा. खिळा.

लिफ्टवाला हसला. “भारीच चोर आहे. घर धुऊन नेलं आणि जाताना केर काढून गेला.”

कोणीच हसले नाही. लिफ्टवाल्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि त्याचेही हसू हळूहळू विझले. परिचारिका आपल्या पिशवीचा बंद सोडवू लागली. बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. हा हात कुणाचा ते खोलीत सगळ्यांना ठाऊक होते, आणि त्याला मात्र ते हिरवे ठिपके आत्ता, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा दिसत होते.

वडील उठले. पडद्याजवळ जाऊन त्यांनी ओळीखाली बोट धरले आणि लाल मजकूर वाचला, मग हिरवा वाचला. घाई न करता, अक्षर न् अक्षर.

“दुरुस्त्या बरोबर आहेत,” ते म्हणाले, आणि जागेवर येऊन बसले.

“मी केलंय ते,” तो म्हणाला.

“का?” बाईंनी विचारले.

“राग आला होता.”

“कुणाचा?”

त्याने लिफ्टवाल्याकडे पाहिले. मग वडिलांकडे पाहायला गेला, पण नजर त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीपर्यंतच पोचली. “सांगता येत नाही,” तो म्हणाला.

बाईंनी चष्मा वर सरकवला. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते अधिक लागले. “निनावी मोडतोड केली तर दुसरी नजर सहा महिने बंद. नियम तुझ्याच हातचा आहे. त्यातला स्वल्पविराम कुठं द्यायचा यावर तू आमचा एक अख्खा शनिवार घेतला होतास.”

“जाऊ द्या ना बाई,” लिफ्टवाला म्हणाला. “घरचीच गोष्ट आहे. आवाज माझ्याकडे आहे, परत चढवतो.”

आतापर्यंतच्या सगळ्या दिवसांत त्याला लिफ्टवाल्याचा इतका मत्सर कधी वाटला नव्हता. चांगुलपणासुद्धा या माणसाला सहज जमत होता, कपडे झटकावेत तसा. आपल्याला अपराधही नीट करता आला नाही.

लिफ्टवाल्याने आवाज परत चढवला, संत्री परत आणली. मग मान वळवून अगदी सरळ मनाने विचारले, “वेलांट्या तशाच राहू देऊ ना, भाऊ?”

“राहू दे,” तो म्हणाला.

परतताना वडील त्याच्याबरोबर चालत आले. उन्हे कलली होती. बंद होत आलेल्या दुकानांच्या फळ्यांतून लांबट सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या.

“मुद्रितशोधकाचं तोंड आम्ही कधी बघितलं नाही,” वडील एकाएकी म्हणाले. “तो वरच्या मजल्यावर बसायचा. आमच्याकडे नुसता कागद यायचा, निळ्या पेन्सिलीनं भरलेला. दिवसभर उभं राहून केलेलं काम, आणि त्याच्यावर या निळ्या रेघा. चूक आमचीच असायची. पण कागद आला की पोटात गोळा यायचा. चौतीस वर्षं यायचा.”

त्याने चाल हळू केली.

“मग निवृत्त झालो आणि घरी आलो. तर घरात पेन्सिल.”

“बाबा...”

“तू विचारायचास. नाही असं नाही. पण वाक्य पुरं करू द्यायचा नाहीस. त्या पोराला काही येत नाही, म्हणून त्याच्यापुढं बोलता येतं मला.”

रस्ता ओलांडताना त्यांनी सवयीने त्याचे मनगट धरले आणि पलीकडे पोचल्यावर सोडले. “मंगळवारी तो उरलेलं घ्यायला येणार आहे. तूही बस. पण बस नुसता.”

मंगळवारी त्याने छापखान्यातून अर्धा दिवस रजा घेतली. लिफ्टवाला टेबलाशी बसला, मधे फोन ठेवलेला. वडील समोर. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ स्टूल ओढून बसला. वडील लिफ्टवाल्याकडे पाहूनच बोलत होते. शिसे वितळवण्याची कढई, शाई घोटण्याचा दगड, जुळवलेली ओळ कोसळली की अख्ख्या खोलीवर पसरणारी शांतता. दोनदा त्यांनी ‘आद्याक्षर’ म्हणायच्या जागी भलतेच काही म्हटले. त्याची जीभ टाळूला लागली आणि तिथेच थांबली. लिफ्टवाला ‘मग, काका?’ म्हणायचा. नुसते दोन शब्द. हे दोन शब्द आपल्याला कधी का सुचले नाहीत, या विचाराने त्याला आतून सोलून निघाल्यासारखे होई. मत्सर गेला नव्हता. तो शेजारी दुसरे स्टूल घेऊन बसला होता.

आईने मागून येऊन त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि पुटपुटली, “इतका वेळ गप्प बसलेला तुला मी पाळण्यात पण पाहिलं नाही.”

मग लिफ्टवाल्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत दोन माणसे लिफ्टमध्ये अडकली होती. तो उठलाच. “काका, तुम्ही मध्येच राहिलात बघा. पुढच्या वेळी इथूनच धरू.” त्याने फोन खिशात टाकला, हत्यारांची पिशवी उचलली, आपला कप विसळून पालथा घातला आणि निघून गेला. जिन्यावर त्याची पावले दोन-दोन पायऱ्या गाळत उतरत गेली.

टेबलाशी जागा रिकामी झाली. वडील अजून त्याच रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते. बोलण्याचा ओघ तुटला होता आणि हात अर्धवट हवेत राहिले होते, अंगठ्याच्या आधाराने खिळा धरावा तसे. तो उठला, आणि त्या खुर्चीत बसायचे टाळून बाजूच्या खुर्चीत बसला.

“मग?” तो म्हणाला.

वडिलांनी त्याच्याकडे पाहिले.

“मग काय,” ते म्हणाले, “ओळ पुरी झाली आणि शेवटी केसभर जागा उरली, की ती बुजवायला आम्ही एक करायचो. म्हणजे कुणी शिकवलेलं नाही. त्याला एक शब्द होता. आमच्या खोलीतच चालायचा तो, चौघांत. ते तिघं आता नाहीत. तुला माहीत आहे का तो?”

“नाही,” तो म्हणाला. ते खरे होते.

“नाही?” वडिलांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले, आणि ते पुढे झुकले. त्यांनी तो शब्द सांगितला. मग टेबलावर बोटाने ओळ आखून, तिच्या टोकाशी नख टेकवून, तो कसा वापरायचे ते दाखवले, आणि तो शब्द पहिल्यांदा ज्याला सुचला, त्या माणसाच्या नाकावर त्या दिवशी शाईचा डाग कसा होता, तेही. मध्येच एक क्रियापद चुकले. ते तसेच राहिले.

पुढच्या शनिवारी तो चार वाजता वरच्या खोलीत होता. दुसरी नजर नसल्यामुळे बाईंनी त्याला सगळ्यांसारखे नवे शब्द भरायला बसवले, ‘र जोरात दाबा’ असे लिहिलेल्या संगणकापाशी. पलीकडे लिफ्टवाला मंगळवारचा आवाज ऐकत, हसत, चुकीच्या वेलांट्यांनी नोंदी लिहीत होता.

“मी गेल्यावर काका आणखी काही बोलले का हो, भाऊ?” त्याने कानावरचे यंत्र बाजूला करून विचारले. “काहीतरी सांगत होते. ओळीच्या शेवटी जागा उरते तेव्हाचं.”

बाईंनीही मान वर केली.

तीन वर्षांत एकही शब्द त्याने स्वतःजवळ ठेवला नव्हता. खुले असावे, सगळ्यांचे असावे, यावर त्याचा विश्वास होता, आणि तो आजही ढळला नव्हता. पुढे कधी तरी हा शब्दही तो इथे लिहील; कदाचित वडील नसतील तेव्हा, कदाचित त्याआधीच. त्याने र जोरात दाबला.

“नाही,” तो म्हणाला. “नंतर आम्ही नुसते बसलो होतो.”